आमचा नमुना, आमचाही वाटा

विज्ञान म्हटलं की डोळ्यांपुढे येतं रॉकेट, नाहीतर पांढरा कोट घातलेले शास्त्रज्ञ. तामलवाडीच्या बाईचा त्याच्याशी काय संबंध? आहे, मैत्रिणींनो, चांगलाच आहे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत ओळखायला कोणती तपासणी चांगली, हे शोधणारा मोठा अभ्यास १९९९ पासून आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. गावांचे चार गट पाडले. तीन गटांत वेगवेगळ्या तपासण्या झाल्या, चौथ्याला नुसती माहिती मिळाली. २००९ मध्ये निकाल आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. जगभरच्या डॉक्टरांनी या निकालाचा दाखला दिला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच तपासणी सुचवली.

आणि आपल्याला काय मिळालं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये दोघींचीही ही कॅन्सर तपासणी कधी झालेली नव्हती!

ही कुणाची मेहरबानी मागायची गोष्ट नव्हे. १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात, कलम २७ मध्ये, विज्ञानाच्या फायद्यात प्रत्येकाचा वाटा मान्य केलाय. ‘प्रत्येकाचा’ म्हणजे बाईचाही. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’च्या जागी ‘सर्व माणसं’ आणण्यासाठी आपल्या हंसा मेहता भांडल्या होत्या. पुढे १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात, कलम १५ मध्ये, हा हक्क आला आणि १९७९ मध्ये भारताने तो करार स्वीकारला. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्याचा अर्थ उलगडून सांगितला: फायदा गरिबांपर्यंत, बायकांपर्यंत पोचला पाहिजे, आणि संशोधनात घेताना नीट समजावून संमती घेतली पाहिजे.

माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. नमुना द्यायला खेड्यातली बाई चालते, तर तपासणीच्या रांगेत ती शेवटी का?

अंगावर काढायची आपली सवयही सोडू या. लाज कसली त्यात? आशाताई घरी आल्या की विचारा, “गर्भाशयमुखाची तपासणी कुठे होते? एचपीव्हीची सोय कधी होणार?” एकटीने विचारलं तर चौकशी होते, बचत गटाने मिळून विचारलं तर मागणी होते.