स्मार्ट वर्ग आणि कुलूपबंद लॅब

विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात आता एक वाक्य हमखास असते : सर्व वर्गखोल्या अद्ययावत तंत्रज्ञानाने सुसज्ज आहेत. प्रत्यक्ष वर्गात गेले की छताला प्रोजेक्टर टांगलेला दिसतो, भिंतीवर स्मार्ट बोर्ड दिसतो आणि शेजारच्या जुन्या फळ्यावर खडूने शिकवणे चालू असते. विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. दिवा गेला आहे, केबल सापडत नाही, पासवर्ड माहीत असलेले सर बदलून गेले, तक्रार दिली आहे. कॉम्प्युटर लॅबला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो शिपाई परीक्षेच्या कामाला लावलेला असतो. यंत्र आले आहे. ते चालते ठेवणारा माणूस आलेला नाही.

ज्याच्या घरी लॅपटॉप आणि वाय-फाय आहे, त्याच्या दृष्टीने ही किरकोळ गैरसोय आहे. तो घरी जाऊन काम उरकतो. पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात केवळ ४.४ टक्के आणि शहरांत २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. म्हणजे शहरातही चारपैकी तीन घरांत संगणक नव्हता. त्या घरांतून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुला-मुलींसाठी कॉलेजची लॅब हाच एकमेव संगणक आहे. तो बंद असला की त्यांचे शिक्षण तेवढ्यापुरते बंद राहते.

मुस्लिम समाजाला हा प्रश्न विशेष लागू होतो. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की, २० वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवीधर किंवा पदविकाधारकांचे प्रमाण ४ टक्क्यांपेक्षाही कमी आहे. त्यानंतर परिस्थिती हळूहळू सुधारत होती. मग करोनाचे वर्ष आले. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२०-२१ मध्ये ही संख्या सुमारे १९ लाख २१ हजारांवर आली. त्याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थीसंख्या मात्र ३ कोटी ८५ लाखांवरून ४ कोटी १३ लाखांच्या पुढे गेली. या घसरणीला एकच कारण नाही. बुडालेला रोजगार, फी, लवकर लावलेली लग्ने, असुरक्षितता ही सारी कारणे आहेतच. पण वर्ग मोबाईलच्या पडद्यावर गेला, तेव्हा चार भावंडांत एक मोबाईल असलेल्या घरातले कोण आधी बाहेर पडले असेल, हे सांगायला समिती नेमावी लागत नाही.

तंत्रज्ञान घाईने आणले आणि त्यामागे माणसांची तयारी नसली की काय होते, याचा धडा मुंबई विद्यापीठाने आपल्याला दोनदा दिला आहे. या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मुंबईसह ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. मुंब्रा, भिवंडीपासून कोकणातल्या खाडीकाठच्या गावांपर्यंतची आपली हजारो मुले-मुली तिथलीच विद्यार्थी आहेत.

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. कल्पना वाईट नव्हती. त्यात पारदर्शकता येते, बेरजेच्या चुका टळतात. पण १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, त्या योग्य प्राध्यापकांपर्यंत पोहोचवायच्या आणि प्राध्यापकांना ही पद्धत शिकवायची, हे सगळे एकाच हंगामात करायचे ठरले. व्हायचे तेच झाले. यंत्रणा अडखळली, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, निकाल रखडले. कुलपती असलेल्या राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, पण पुढच्या प्रवेशाची तारीख हुकलेल्या विद्यार्थ्यांचे वर्ष परत आले नाही.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२० चा. विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा यंत्रणा कोलमडल्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. विद्यापीठाने सायबर हल्ल्याचे कारण दिले. दूरशिक्षणातला विद्यार्थी कोण असतो? दिवसा दुकानात किंवा कारखान्यात काम करणारा तरुण, लग्नानंतर अभ्यास पुन्हा सुरू केलेली गृहिणी, घराबाहेर पडण्याची परवानगी पेपरपुरतीच मिळालेली मुलगी. त्या दिवशी पडद्यासमोर बसून राहिलेल्या अशा विद्यार्थिनीला काय झाले, आता काय करायचे, हे तिच्या भाषेत सांगणारा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला हवा होता. संगणक सहाय्य म्हणतात ते हेच.

दोन्ही वेळा चर्चा सॉफ्टवेअरची आणि कंपन्यांची झाली. मूळ दुखणे पैशाच्या रचनेत आहे. अनुदान बहुतेकदा वस्तू खरेदीसाठी मिळते. निविदा निघते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. तीन वर्षांनी वॉरंटी संपते तेव्हा देखभालीच्या करारासाठी पैसे नसतात. शिक्षकेतर पदे रिक्त राहतात आणि असलेला तंत्रज्ञ कंत्राटी असतो. काम शिकून हात बसेपर्यंत त्याची मुदत संपते. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी आणि संगणक यांचे प्रमाण विचारले जाते, देखभालीचा खर्चही विचारला जातो. पण लॅब दिवसातून किती तास उघडी असते आणि तिथल्या चाळीस संगणकांपैकी आज किती सुरू झाले, हे विद्यार्थ्यांना कोण विचारते?

भाषेचा प्रश्न तर कोणाच्या खिजगणतीतही नाही. उर्दू माध्यमातून दहावी-बारावी झालेली मुलगी मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात येते तेव्हा तिला विषयाबरोबर कीबोर्डही नव्याने शिकावा लागतो. उर्दूचा जुना मजकूर इनपेजमध्ये, मराठीचा श्री-लिपीत; दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. द्विभाषिक नियतकालिक चालवताना हा अनुभव आम्ही घेतच असतो. युनिकोडमुळे हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या कधीच सुटला आहे. नस्तालिकचे आणि देवनागरीचे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर ते बसवायला एक दुपार पुरते. ते बसवलेले नसतात, कारण तशी गरज असलेला विद्यार्थी तक्रार करायला पुढे येत नाही, आणि आला तरी कोणाकडे जायचे हे त्याला माहीत नसते.

याच कुलपामागे आणखीही बरेच अडकून पडले आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना अल्प वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके उपलब्ध होतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर देशातल्या नामांकित प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. श्रीमंत आणि गरीब कॉलेजातली दरी कमी करण्याची ताकद या सोयींत आहे. पण लॉग-इन करून देणारा ग्रंथपाल आणि सायंकाळपर्यंत उघडी राहणारी लॅब नसेल, तर त्या सोयी परिपत्रकातच राहतात.

व्यवस्थेला प्रश्न विचारताना घराकडेही पाहिले पाहिजे. ‘इक्रा’चा, म्हणजे ‘वाच’ या आज्ञेचा दाखला आपण प्रत्येक जलशात देतो. तोच आपण घरी मुलाला मोबाईल घेऊन देतो आणि मुलीला सांगतो, भावाचा झाला की वापर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या दर तीन स्त्रियांपैकी जेमतेम एकीने कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हेच प्रमाण निम्म्याहून अधिक होते. इंटरनेटने मुली बिघडतात, ही भीती सर्वच समाजांत आहे, आपल्यात ती धर्माच्या नावाने सांगितली जाते. अशा घरातल्या मुलीसाठी कॉलेजची लॅब ही केवळ यंत्रांची खोली नसते. कोणाच्याही पाळतीशिवाय जग पाहता येईल, नोकरीचा अर्ज भरता येईल, कायदा वाचता येईल अशी ती तिची एकमेव जागा असते. म्हणून लॅबचे कुलूप आणि घरातली बंदी ही एकाच दाराची दोन कुलपे आहेत. एक उघडून भागणार नाही.

मग करायचे काय? विद्यापीठाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तंत्रज्ञान खरेदीबरोबर पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच ठरावात करावी. प्रत्येक इमारतीसाठी एक कायम तंत्रज्ञ असावा आणि त्याचा क्रमांक वर्गाच्या दारावर लावावा. लॅब संध्याकाळी आणि परीक्षेच्या काळात सुट्टीच्या दिवशीही उघडी राहावी. गरजू विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून पुस्तकासारखा लॅपटॉप घरी नेता यावा. मदतकक्षात मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणारी माणसे असावीत. नवी पद्धत सर्व विद्यार्थ्यांवर लादण्यापूर्वी एका छोट्या शाखेत एक सत्र चालवून पाहावी. आणि दर सत्रात, किती यंत्रे चालू आणि किती बंद, याचा हिशेब संकेतस्थळावर जाहीर करावा.

या मागण्या मांडायची जागा कायद्याने दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प याच अधिसभेपुढे येतो. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. आपल्या मोहल्ल्यातल्या किती पदवीधरांनी मतदार म्हणून नाव नोंदवले होते? विधानसभेला रांगा लावणारे आपण या यादीत कुठे असतो? पुढच्या नोंदणीच्या वेळी प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या पदवीधरांची, विशेषतः पदवीधर मुलींची, नावे नोंदवून घेण्याचे काम हाती घ्यावे. माहिती अधिकाराचा एक अर्ज दहा रुपयांत होतो. त्यात एवढेच विचारावे : तुमच्या कॉलेजात संगणक किती, चालू किती, देखभालीवर गेल्या वर्षी खर्च किती आणि लॅबची वेळ काय?

आणि तोवर आपल्या हातात आहे ते करू. मोहल्ल्यातली वाचनालये, मदरशांची दुपारी रिकामी राहणारी सभागृहे, जमातखान्यांच्या वरच्या मजल्यावरील खोल्या इथे चार जुने पण चालू संगणक, एक जोडणी आणि रोज तीन तास बसणारी एक पदवीधर तरुणी एवढी व्यवस्था कोणत्याही वस्तीला परवडते. फक्त यंत्रांच्या आधी त्या तरुणीच्या मानधनाची सोय करावी. विद्यापीठाने जी चूक केली, ती आपण वस्तीत पुन्हा करू नये.