विश्लेषण : ट्रॅकवर गाडी ठोकली, तर विम्याचे पैसे मिळतात का?

ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा कोइम्बतूरचा करी स्पीडवे. अशा ट्रॅकवर ‘ट्रॅक डे’ला स्वतःची स्पोर्ट्स कार पळवता येते. मात्र, तिथे गाडीचे नुकसान झाले तर नेहमीची पॉलिसी सहसा कामी येत नाही.

पॉलिसीत काय असते?
भारतातील खासगी कारच्या प्रमाणित पॉलिसीत ‘वापरावरील मर्यादा’ दिलेल्या असतात. आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नसते. ‘झिरो डेप्रिसिएशन’ घेतले तरी ही अट कायम राहते.

पण ही शर्यत कुठे आहे?
ट्रॅक डेला विजेता नसतो, हा युक्तिवाद करता येतो. पण ‘वेगचाचणी’ या शब्दावर बोट ठेवून कंपनी दावा नाकारू शकते.

जादा हप्ता भरला तर?
‘आयएमटी ३१’ हे जोडकलम रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठी आहे. शर्यत व वेगचाचणी त्यातूनही वगळलेली आहे. ब्रिटन, अमेरिकेत ट्रॅक डेसाठी एका दिवसाचा स्वतंत्र विमा मिळतो. त्यातही नुकसानीचा ठरावीक वाटा मालकालाच सोसावा लागतो आणि इंजिनातील बिघाड सहसा धरला जात नाही.

मग काय करावे?
जाण्यापूर्वी कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. आयोजक ज्यावर सही घेतात, तो कागदही नीट वाचावा. लेखी होकार नसेल, तर दुरुस्तीचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागेल, हे धरूनच ट्रॅकवर उतरावे.