इतक्यात का सोडताय?

मुलाखतीत हा प्रश्न येणारच असतो. 'आत्ताच तर रुजू झालात, मग इतक्यात का सोडताय?' मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसते आहे, आणि चांगली कामसू मुलं इथे गडबडतात तेव्हा फार वाईट वाटतं. कोणी घरच्या आजारपणाची सबब पुढे करतं, कोणी आधीच्या साहेबाचे वाभाडे काढतं. काही जण तर ती नोकरी बायोडेटातून गाळूनच टाकतात.

हे गाळणं सगळ्यांत महागात पडतं. पीएफचा १२ आकडी यूएएन नंबर २०१४ मध्ये आला. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो, आणि कुठे कधी लागलात, कधी बाहेर पडलात याच्या तारखा त्याखाली नोंदल्या जातात. पगारातून कापलेला टीडीएस फॉर्म २६ एएसमध्ये दिसतो. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये लपवलेली नोकरी सापडली, तर हातात आलेली ऑफरही जाऊ शकते.

माझ्या भाचीला पुण्यातल्या एका कंपनीनं डेटा ॲनालिस्ट म्हणून घेतलं आणि बसवलं रात्रपाळीला, ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं बंद करायला. तिनं मॅनेजरला विचारलं, दोनदा मेल केला, दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली मागितली. उत्तर एकच, 'बघू'. चौथ्या महिन्यात दुसरीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, 'मावशी, खरं सांगितलं तर त्यांना मी कटकटी वाटेन गं.'

खरंच सांग, पण थोडक्यात आणि कामाबद्दल, असं मी तिला म्हटलं. आम्ही बसून उत्तर तयार केलं: 'ठरलं होतं ॲनालिसिसचं काम, मिळालं सपोर्टचं. बदलीसाठी मी दोनदा लेखी विचारलं, ती झाली नाही. तुमच्याकडचं काम मी आधीच्या नोकरीत दोन वर्षं केलंय आणि मला तेच करायचंय.'

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. समोरच्यांना तुमच्या जुन्या कंपनीचं फारसं काही पडलेलं नसतं. ही आपल्याकडूनही चार महिन्यांत जाईल का, ही त्यांची धास्ती असते, आणि ती रास्त आहे. आयटीत ९० दिवसांच्या नोटिशी सर्रास असतात. माणूस येईपर्यंत टीम तीन महिने ओढाताण करते, मग शिकवण्यात वेळ जातो. म्हणून सोडण्याआधी तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि इथे का टिकाल, हे न विचारता सांगा. पगार थकला असेल तर तसं सरळ सांगावं, त्यात तुमचा काही दोष नाही. छळ झाला असेल तर त्याचा तपशील अनोळखी माणसांपुढे उघडा करायला तुम्ही बांधील नाही. 'तिथे काम करणं शक्य नव्हतं' एवढं पुरतं, आणि पॅनेलनंही तिथे थांबावं.

पॅनेलवरच्या माझ्या सहकाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. प्रोबेशनमध्ये माणूस पटला नाही तर कंपनी त्याला घरी पाठवते आणि कोणी तिला जाब विचारत नाही. तोच काळ उमेदवारालाही कंपनी पारखायला मिळालेला असतो. तेव्हा चार महिन्यांचा आकडा पाहून बायोडेटा बाजूला सारू नका. रुजू होताना काय ठरलं होतं, हे आधी विचारा.

भाचीनं नव्या ऑफरवर होकार कळवण्याआधी शिफ्ट, टीम आणि नेमकं काम मेलवर लिहून मागितलं. एचआरनं ते त्याच दिवशी पाठवलं.