डॉट नेट लिनक्सवर चालतं, मग सरकारी पोर्टलच का अडतं?

"ही सुविधा फक्त विंडोजवर चालेल." सरकारी पोर्टलवर डिजिटल सही करायची वेळ आली की ही ओळ अजूनही गाठतेच. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. गेल्या वर्षी एका पोर्टलवर साधी सही जोडायला मला टोकन खिशात टाकून सायबर कॅफेत जावं लागलं. आपली सही दुसऱ्याच्या मशिनवर करायची, आणि याला म्हणायचं सुरक्षित व्यवहार!

विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "सर, टेक्नॉलॉजीच तशी आहे." हे उत्तर एके काळी खरं होतं. १९९५ साली सन कंपनीने जावा आणली, एकदा लिहा आणि कुठेही चालवा म्हणत. मायक्रोसॉफ्टने त्यात फक्त विंडोजवर चालणारे बदल घुसवले. १९९७ साली सन कोर्टात गेली, २००१ साली २ कोटी डॉलर घेऊन प्रकरण मिटलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डॉट नेट आलं, तेही विंडोजपुरतंच. लिनक्सवाल्यांनी खटपट करून 'मोनो' उभं केलं म्हणून थोडं तरी निभावलं.

आणि आज? डॉट नेट २०१६ पासून लिनक्स आणि मॅकवर अधिकृतपणे चालतंय. २०२१ पासून तर मायक्रोसॉफ्ट स्वतःच ओपन जेडीके बांधून फुकट देतंय, लिनक्ससाठीसुद्धा. ज्या जावावरून कोर्टकचेरी झाली तीच! प्रेमापोटी नाही हो, क्लाउडवर गिऱ्हाईक लिनक्स मागतं म्हणून. धंद्याला कळलं ते.

सरकारकडे धोरण नाही असंही नाही. ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१०चं, ओपन सोर्सचं २०१५चं. दोन्ही केंद्राची.

मान्य, तीन सिस्टिमवर टेस्टिंग करायला पैसे लागतात, टोकनचे ड्रायव्हर वेगवेगळे असतात, त्रास आहे. पण तो खर्च कंत्राटदाराने एकदा करायचा की प्रत्येक नागरिकाने विंडोजचं लायसन घेऊन? (किंवा चोरीची कॉपी टाकून, कोण कशाला खोटं बोला.)

माझं मागणं एवढंच: टेंडरमध्ये एक अट टाका. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर सही होऊन दाखवल्याशिवाय शेवटचं बिल पास होणार नाही. तुमच्यापैकी कुणी नगरपालिकेत किंवा जिल्हा परिषदेत असाल, तर पुढचं टेंडर निघण्याआधी एवढं बघाच.