डोक्याला कायदा, पायांना कर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १२९ व्या कलमाने दुचाकीस्वाराच्या डोक्याची जबाबदारी घेतली आहे. शिरस्त्राण नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा आहे. शिरस्त्राणावर भारतीय मानक चिन्ह असलेच पाहिजे, हा आदेशही १ जून २०२१ पासून अमलात आला. यात गैर काहीच नाही. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती, आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. या आकड्यांपुढे शिरस्त्राणाविरुद्ध बोलण्यास तोंड उरत नाही. प्रश्न आहे तो मानेखाली उरलेल्या माणसाचा. त्याच्या गुडघ्याची, खुब्याची, नडगीची दखल कायद्याने घेतलेली नाही. अर्थखात्याने मात्र ती घेतली आहे. त्याने त्यांच्यावर कर बसविला आहे.

बीड जिल्ह्यात मोटारसायकल ही हौस नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. अहिल्यानगर–बीड–परळी या रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीड शहरात प्रवासी गाडी पोहोचण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तीस वर्षे एका जिल्ह्याला रुळांची वाट पाहावयास लावणाऱ्या राज्यव्यवस्थेने त्याच काळात एस.टी.लाही नीट जगू दिले नाही. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत खेड्यातल्या माणसाने जी दुचाकी कर्जावर घेतली, ती बस परत आल्यावरही त्याच्या दारातच उभी राहिली. कारण बस आली तरी वेळेवर येईल याची शाश्वती नाही, आणि वाडी-तांड्यापर्यंत तर ती जातच नाही. आष्टी-पाटोद्याचा दूधवाला, गेवराई-माजलगावचा कापूस उत्पादक, वडवणीची आशा सेविका, केजचा वायरमन, हप्ते वसूल करीत गावोगाव फिरणारा वित्तसंस्थेचा पोरगा, दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारा ऊसतोड मजूर या सर्वांची मोटारसायकल हे श्रमाचे अवजार आहे. शासनाने सार्वजनिक वाहतुकीची जबाबदारी झटकली, तिचे हप्ते हा माणूस फेडतो आहे. आणि पडतो तोही तोच.

पडणे म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. त्या वेगात गाडी घसरली की माणूस डांबरावरून सुमारे दोन सेकंद, बारा-पंधरा मीटर फरफटत जातो. साधी सुती पँट किंवा जीन्स त्या घर्षणात क्षणार्धात फाटते. पातळ नायलॉनचा ट्रॅकसूट तर उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. पुढचे काम खडी करते. धारूरच्या घाटात, मांजरसुंब्याच्या उतारावर, अर्धवट सोडलेल्या साइडपट्टीवर, मागे दिवा वा परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉलीपाशी असे अपघात घडतात. एकट्याने घसरून पडलेल्याची पोलिसांत नोंद बहुधा होतच नाही. त्याला अंबाजोगाईला नेतात, आष्टीकडचा असेल तर अहिल्यानगरला नेतात. कातडी भरून येते, पण गुडघ्याची वाटी फुटली असेल तर उकिडवे बसणे कायमचे संपते. उकिडवे बसता येत नाही त्या माणसाला ऊस तोडता येत नाही, खुरपता येत नाही, मोळी उचलता येत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच राहते. मध्यमवर्गीयाचा गुडघा ही वैद्यकीय बाब असते; मजुराचा गुडघा हे त्याचे एकमेव भांडवल असते.

या गुडघ्याचे संरक्षण करणारी वस्तू बाजारात आहे. तिला 'रायडिंग पँट' म्हणतात. जाड, घासले तरी न फाटणाऱ्या कापडाची ही संरक्षक विजार असते; तिच्या गुडघ्यांवर आणि खुब्यांवर आघात शोषून घेणारे पॅड बसविलेले असतात. प्रमाणित पॅड असलेली देशी बनावटीची चांगली विजार साधारणतः पाच-सहा हजार रुपयांच्या घरात जाते. रोजगार हमीचा कायदा देशात प्रथम करणाऱ्या या राज्यात २०२५-२६ साली त्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे सहा हजारांची विजार ही एकोणीस दिवसांची मजुरी झाली.

आता शासनाचा न्याय पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. त्याच दिवशी अडीच हजार रुपयांपेक्षा महाग कपड्यांवरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेला गेला; अडीच हजारांच्या आतील कपड्यांना ५ टक्के ठेवला. संरक्षक विजारीसाठी वेगळी नोंद नाही. ती कपडा म्हणून मोजली जाते, आणि महाग असल्यामुळे लग्नातल्या शेरवानीच्या पंक्तीला जाऊन बसते. सहा हजारांच्या विजारीत नऊशेहून अधिक रुपये केवळ कर आहे, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची मजुरी. तात्पर्य, एकाच तारखेला पडण्याचे साधन स्वस्त झाले आणि पडल्यावर वाचण्याचे साधन महाग झाले. मोटारसायकल कारखानदारांची संघटना दिल्लीत आहे. गुडघ्यांची संघटना नाही.

यातील विसंगती बीडच्या माणसाला अधिकच बोचावी. गोपीनाथ मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजी दिल्लीत रस्ते अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या नावाने शासन शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना चालविते. तीत मृत्यूला दोन लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास एक लाख रुपये देण्याची तरतूद आहे. तीही सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एकाला. भूमिहीन ऊसतोड मजूर या योजनेत बसत नाही. पाय गेल्यावर लाख रुपये देण्यास जे शासन तयार आहे, ते पाय वाचविणाऱ्या वस्तूवर १८ टक्के कर घेते, याला कल्याणकारी राज्य म्हणावयाचे काय? भरपाई हा न्यायाचा शेवटचा भाग असतो. तिलाच संपूर्ण न्याय मानण्याची सवय शासनाला लागली आहे.

चळवळीतील काही कार्यकर्ते यावर म्हणतील की हे शहरी हौशी मंडळींचे खूळ आहे. खरा प्रश्न रस्त्यांचा आणि एस.टी.चा आहे; मजुराला विजार दाखवून मूळ प्रश्नावरून लक्ष उडविले जाते. या युक्तिवादात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो फसवा आहे. रस्ते आणि एस.टी. यांचा लढा सोडावा असे कोणीही म्हणत नाही. परंतु खाणकामगारांनी खाणी सुरक्षित होईपर्यंत टोप नाकारले नाहीत, गिरणी कामगारांनी यंत्रांना जाळ्या बसविण्याची मागणी क्रांतीनंतरच्या काळासाठी राखून ठेवली नाही. संरक्षक साधन हा कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व कामगार चळवळीनेच प्रस्थापित केले. कारखान्याच्या फाटकाबाहेर, डांबरी सडकेवर ते तत्त्व लागू होत नाही असे कोणी ठरविले? उलट, ही वस्तू श्रमिकांची आहे असे चळवळ म्हणत नाही तोवर ती हौशी मंडळींचीच राहील आणि तिची किंमतही त्यांच्याच ऐपतीने ठरेल.

तेव्हा या वस्तूची पारख कार्यकर्त्यांना आली पाहिजे, कारण अज्ञानाच्या जागी नेहमी दुकानदार उभा असतो. पहिली गोष्ट पैशाच्या क्रमाची. प्रथम मानक चिन्हाचे शिरस्त्राण, मग घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे, त्यानंतर विजार. शिरस्त्राणाला फाटा देऊन विजार घेणे हा वेडेपणा होय. विजारीलाही पैसे पुरत नसतील तर पट्ट्यांनी बांधावयाचे प्रमाणित गुडघा-संरक्षक घ्यावेत आणि ते जाड कापडाच्या पँटखाली बांधावेत. पायाचा सर्वांत महागडा सांधा त्यात थोड्या पैशांत झाकला जातो.

दुसरी गोष्ट पॅडची. आपल्याकडे विजारीला मानक चिन्हाची सक्ती नाही, म्हणून दुकानात गादीचा स्पंज घालूनही 'संरक्षक' म्हणून ती विकता येते. युरोपात मात्र २०१८ पासून अशा कपड्यांना सुरक्षा साधनांच्या नियमाखाली प्रमाणपत्र लागते, आणि तेथील मानकांचे क्रमांक देशी विजारींवरही छापलेले आढळतात. पॅडवर ई.एन. १६२१-१ हा क्रमांक आणि पातळी एक किंवा दोन असे लिहिलेले असावे. दुसऱ्या पातळीचे पॅड आघात अधिक शोषते. खुब्याचा कप्पा हात घालून तपासावा. स्वस्त विजारीत तो पुष्कळदा रिकामा असतो. संपूर्ण विजारीसाठी ई.एन. १७०९२ हे मानक आहे. त्यात तीन 'ए' ही सर्वोच्च श्रेणी, मग दोन 'ए', मग एक 'ए'. 'बी' श्रेणीत पॅडची अट नाही, आणि 'सी' श्रेणी ही केवळ पॅड धरून ठेवणारी जाळी असते. तालुक्याच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने जाणाऱ्यास एक किंवा दोन 'ए' पुरेशी आहे. त्याहून वरची श्रेणी घेण्याचा दुकानदाराचा आग्रह दुकानदाराच्याच हिताचा असतो.

तिसरी गोष्ट शिवणीची व मापाची. कापड कितीही चिवट असले तरी विजार शिवणीवर उसवते. बैठक, खुबा आणि गुडघा या ठिकाणी दुहेरी किंवा तिहेरी शिवण हवी. माप दुकानात उभे राहून पाहू नये, गाडीवर बसून पाहावे. बसल्यावर पॅड वाटीवर आणि नडगीच्या वरच्या भागावर आले पाहिजे, हाताने ढकलले तरी बाजूला सरकता कामा नये, आणि विजारीचे टोक घोट्यावर राहिले पाहिजे. सरकणारे पॅड पडण्याच्या क्षणी भलत्याच ठिकाणी असते. चौथी गोष्ट उन्हाची. चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या बीडच्या उन्हाळ्यात जलरोधक अस्तराची विजार कोणी आठवडाभरही घालणार नाही. मांड्यांना जाळीदार कापड आणि खुबे-गुडघ्यांना जाड कापड अशी विजार निवडावी. शेतावर पोहोचताच काढून ठेवता यावी म्हणून नेहमीच्या कपड्यांवरून चढविण्याची, दोन्ही बाजूंना लांब चेन असलेली मिळाली तर उत्तम. रात्रीच्या प्रवाशाने मागच्या बाजूची चमकती पट्टी आवर्जून पाहावी. आणि हेही स्वच्छ सांगितले पाहिजे की ट्रकखाली सापडलेल्या पायाला कोणतीही विजार वाचवीत नाही. ती वाचविते ते घसरण्यापासून आणि आपटण्यापासून. वाचवीत नाही ते शासनाच्या रस्त्यांपासून.

या सर्व पारखीत एका मोठ्या वर्गाला स्थानच नाही. मागच्या आसनावर एका बाजूला पाय सोडून, लुगडे सावरीत, कडेवर मूल घेऊन बसलेली स्त्री बाजाराने कल्पनेतही पाहिलेली नाही. तिच्यासाठी कायद्यात एवढीच ओळ आहे: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या १२३ व्या नियमाप्रमाणे धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी हवी. ती जाळी अनेक तरुण गाडी देखणी दिसावी म्हणून काढून टाकतात. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या घरच्या गाडीपासून विचारावयास हरकत नाही.

राहता राहिला प्रश्न पैसे कोणी द्यावयाचे हा. वायरमनला रबरी हातमोजे मालक देतो, कारण वीज हा कामाचा धोका मानला गेला. मग ज्याचे काम रस्त्यावरच आहे त्या वसुली कामगाराला, पार्सलवाल्याला, दूध संकलकाला विजार मालकाने का देऊ नये? कंपनी त्याला आपले नाव छापलेला सदरा आणि पिशवी देते. म्हणजे जाहिरातीपुरते त्याचे शरीर कंपनीचे, आणि हाड मोडले की त्याचे स्वतःचे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार हा शब्द कायद्यात आणला. त्या शब्दाला गुडघेही असतात, हे शासनाला शिकविण्याचे काम संघटनांचे आहे.

मागण्या साध्या आहेत आणि त्या तालुक्या-तालुक्यातून निवेदनांच्या रूपाने गेल्या पाहिजेत. मोटारसायकलीच्या संरक्षक विजारीला भारतीय मानक सक्तीचे करावे आणि कर शून्य करावा. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या शिरस्त्राणावर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, तेथे तिजोरी बुडालेली नाही. नवी दुचाकी विकताना उत्पादकाने शिरस्त्राण द्यावे असे केंद्रीय नियमांचा १३८ वा नियम सांगतोच. त्यात गुडघा-संरक्षकांची जोडी वाढवावी. कामासाठी दुचाकी चालविणाऱ्यास मालकाने विजार विनामूल्य द्यावी. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळाने हंगामाआधी ती वाटावी. ती शिवण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. कापूस बीडच्या काळ्या रानात पिकतो, शेजारच्या सोलापुरात गणवेश शिवणारे कुशल कारागीर आहेत, कापडाची कसोटी घेणारी बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन १९५४ पासून मुंबईत उभी आहे. चिवट धागा आणि पॅड बाहेरून आणावे लागले, तरी उरलेले सर्व या राज्यात आहे. या तिघांना एकत्र आणून अडीच हजारांच्या आत साधी, परीक्षित विजार तयार करणे हे ज्या शासनाला जमत नाही, त्याने चौकाचौकांत दंडाच्या पावत्या फाडताना सुरक्षिततेचे प्रवचन देऊ नये. येत्या हंगामात कोयते गाव सोडतील त्याच्या आधी ही निवेदने जिल्हाधिकारी कचेरीवर पोहोचली पाहिजेत.