मालकाची सुट्टी कोण ठरवणार?

आषाढात घोटीच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारावी. पाऊस कोसळत असतो, आसपासच्या गावांतील माणसे भाताच्या लावणीत गुंतलेली असतात, गिऱ्हाईक नावालाही नसते. तरी कापडाचे दुकान सकाळी नऊला उघडते आणि रात्री साडेनऊपर्यंत दिवा जळत राहतो. आत मालक गल्ल्यावर पेंगत असतो. "कशाला बसला आहात?" असे विचारले तर उत्तर ठरलेले, "एखादे गिऱ्हाईक आलेच तर?" या 'आलेच तर' वर आम्हीही पंचवीस-तीस वर्षे काढली. म्हणून आज मालाच्या भावाविषयी न लिहिता मालकाच्या थकव्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम साधा हिशेब करू. सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ म्हणजे साडेबारा तास. जेवण आणि नमाज यांचे दोन तास वजा केले तरी साडेदहा उरतात. आठवड्याचे सात दिवस धरले तर त्र्याहत्तर तासांच्या वर जातात. घरी बसून होणारी उधारीची मांडणी आणि जीएसटीची कागदपत्रे यात धरलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात आढळले. २०१६ या एका वर्षात अशा जादा कामाशी निगडित मृत्यू जगभरात ७ लाख ४५ हजार होते, असा अंदाजही त्यात दिला आहे. आपण तर ५५ च्या बरेच पुढे आहोत.

याच आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या अतिताणाने माणूस आतून रिकामा होण्याच्या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली. अंगात त्राण न उरणे, आपल्याच कामाची चीड येणे आणि काम पूर्वीसारखे न जमणे. पहिले लक्षण व्यापारी अंगावर काढतो. दुसरे गिऱ्हाइकाच्या अंगावर निघते. तिसरे थेट खतावणीत उतरते.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. २०१९ च्या लग्नसराईत एका जुन्या गिऱ्हाइकाने आदल्या वर्षाची उधारी रोख आणून दिली. आम्ही पावती लिहून दिली, पण थकव्याच्या भरात वहीत जमा करायचे राहिले. महिन्याने त्याच रकमेचा तगादा लावला. तो गृहस्थ "दिले आहेत" म्हणाला, तेव्हा चार माणसांसमोर आम्ही आवाज चढवला. त्याने खिशातून आमच्याच हाताची पावती काढून गल्ल्यावर ठेवली. पैशाचा प्रश्न तेथेच मिटला. आम्ही माफीही मागितली. पण आमच्या वालिदांच्या वेळेपासून येणारे ते घर पुन्हा दुकानाची पायरी चढले नाही.

त्या दिवशी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. माप आणि हिशेब ही व्यापाऱ्याकडची अमानत आहे. ती नियत बिघडल्याने जशी जाते, तशी डोळ्यांवर झोप असल्यानेही जाते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही. म्हणून थकवा ही मालकाची खासगी बाब राहत नाही.

आता प्रश्न असा की मालकाला थांबवणार कोण? १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था कायदा जेथे लागू होता तेथे आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे बंधनकारक होते. सुट्टी दुकानाला होती, म्हणून ती मालकालाही आपोआप मिळत असे. त्याच्या जागी २०१७ चा नवा कायदा आला. या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवायला वाट करून दिली आणि साप्ताहिक सुट्टी व ४८ तासांची मर्यादा कामगाराच्या नावाने बांधली. कामगाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मालक हा कामगार नव्हे. त्याचे तास कोणी मोजत नाही. पूर्वी कायदा त्याला घरी पाठवत होता, आता त्याला स्वतःलाच उठावे लागेल.

हे अशक्य नाही. आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव पाहा. तेथील यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. मजुराला कामावर मजुरी असते, म्हणजे बंद दिवसाचे पैसे बुडतात. तरीही शुक्रवारी मागांचा खडखडाट थांबतो. हे कोणा एकट्याच्या हिमतीने होत नाही. सगळे एकाच दिवशी थांबतात, म्हणून कोणाला शेजाऱ्याची भीती राहत नाही. मजुरी करणारा माणूस हे पाळू शकतो, तर गल्ल्यावर बसणाऱ्याने सबब सांगू नये.

दीनची शिकवणही हीच आहे. सूरह जुमुआमध्ये अजान झाल्यावर खरेदी-विक्री सोडून नमाजला येण्याचा आणि नमाजनंतर पुन्हा रोजी शोधायला निघण्याचा आदेश आहे. शुक्रवारी दिवसभर धंदा बंदच ठेवावा असे त्यात नाही. पण हातातला धंदा खाली ठेवता आला पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. सूरह नबामध्ये रात्र व झोप विश्रांतीसाठी आणि दिवस रोजीसाठी असल्याचे सांगितले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर इबादत करीत, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही हक्क असल्याची जाणीव करून दिली, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. इबादतीतसुद्धा जेथे मर्यादा सांगितली, तेथे साड्यांच्या गठ्ठ्यापुढे मर्यादा नाही असे कसे म्हणावे?

काही बंधू म्हणतील, "मोबाईलवर चोवीस तास कापड मिळते. समृद्धी महामार्ग इगतपुरीहून मुंबईकडे खुला होऊन (जून २०२५) गिऱ्हाईक आणखी सैल झाले. अशा वेळी दुकान लवकर बंद करायचे?" आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जे दुकान कधी झोपतच नाही, त्याच्याशी जागरणात स्पर्धा करून आपण हरणारच. गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते कापड हाताळायला, घरच्या माणसासारखा सल्ला घ्यायला, पसंत न पडल्यास बदलून न्यायला आणि अडीअडचणीला उधारी मागायला. या चारही गोष्टींना ताजे डोके आणि गोड जीभ लागते. थकलेल्या माणसाकडे नेमके हेच उरत नाही.

कारागिरांची गत वेगळी नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमचे शिंपी बंधू सेहरीपर्यंत मशीनवर असतात. ज्या रात्री इबादतीच्या, त्या बटणे लावण्यात जातात आणि चांदरातीला कपडे तयार नाहीत म्हणून शिव्याही खाव्या लागतात. मूळ चूक शेवटच्या आठवड्यात होत नाही. 'नाही' म्हणवत नसल्याने हाताला झेपेल त्यापेक्षा जास्त मापे घेतली जातात, तेथे ती होते. पंधराव्या रोज्याला 'ऑर्डर बंद' अशी पाटी लावणारा शिंपी चार गिऱ्हाइके गमावतो, पण दिलेला वायदा पाळतो. पुढच्या ईदला त्याच्याकडेच लोक लवकर येतात.

उपाय काय? आम्ही केले तेवढेच सांगतो. एक महिना प्रत्येक बिलावर वेळ टाकली. रात्री आठनंतरची बिले मोजकी निघाली आणि त्यांतली बरीचशी ओळखीच्या माणसांची, जी दुसऱ्या दिवशीही आलीच असती. तेव्हापासून साडेआठला शटर खाली येते. उधारी डोक्यात न ठेवता त्याच क्षणी वहीत लिहिली जाते, त्यामुळे झोप लागते. शुक्रवारी दुपारनंतर गल्ल्याची किल्ली जुन्या नोकराकडे असते. हे सर्वांत जड गेले. आपल्यावाचून दुकान चालणार नाही हा आपला समज असतो. त्यात काळजी थोडी आणि अविश्वास जास्त असतो. लावणीच्या दिवसांत, जेव्हा गिऱ्हाईक खाचरात असते, तेव्हा आठवडाभर आम्ही दुकानात जातच नाही. लग्नसराई आणि दिवाळीत मात्र कष्ट करावेच लागतात. त्याबद्दल तक्रार नाही.

पण एक नुकसान भरून आले नाही. थोरल्या मुलाने नाशिकला नोकरी धरली. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, मला कापडाचा कंटाळा नाही. पण ईद सोडली तर दिवसाउजेडी तुम्हाला घरी पाहिल्याचे मला आठवत नाही." ज्या मुलांसाठी आपण राबतो म्हणतो, ती आपले राबणे पाहूनच धंद्यापासून दूर जात आहेत. अशाने उद्या चालती दुकाने कोणाच्या हाती द्यायची?

म्हणून व्यापारी बंधूंना विनंती आहे. येत्या जुम्याच्या नमाजनंतर आपल्या लाईनीतील पाच-सात दुकानदारांनी, शेजारच्या हिंदू व जैन बांधवांनाही सोबत घेऊन, रात्री बंद करण्याची एक वेळ ठरवावी. एकट्याला भीती वाटते, सर्वांनी मिळून ठरवले तर कोणाचेच गिऱ्हाईक जात नाही. रोजी देणारा अल्लाह आहे. आपले काम प्रयत्न करण्याचे आहे आणि त्या प्रयत्नाला रात्री साडेआठची वेळ पुरेशी आहे.