मॅन्युअल की ऑटोमॅटिक? खरी परीक्षा घाट उतरताना

नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्रा थार २०२० मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा तिला प्रथमच सहा-स्पीड ऑटोमॅटिकचा पर्याय मिळाला. तेव्हापासून ग्राहकांचा प्रश्न एकच : घ्यायची कोणती?

चढावर काय होते?
मॅन्युअल गाडी चिखलात किंवा चढावर हाफ-क्लचवर फार वेळ रेटली, तर क्लच प्लेट जळते. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातले तेल इंजिनाची ताकद पुढे पोहोचवते आणि कमी वेगात टॉर्क वाढवते. त्यामुळे गाडी बंद न पडता सावकाश चढते.

उतारावर काय?
कसारा घाट उतरताना ऑटोमॅटिक 'डी'वर ठेवून नुसता ब्रेक दाबत राहिल्यास ब्रेक तापतात, पकड कमी होते. मॅन्युअलचा चालक सवयीने खालचा गिअर टाकतो आणि इंजिनच गाडी रोखते. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हाताने खाली घेता येतो; अनेक जण तो घेत नाहीत, धोका तिथेच आहे.

मग कोणती घ्यावी?
द्वारका चौकातली कोंडी रोजची असेल, तर ऑटोमॅटिक सोयीची. आडरानात बॅटरी उतरल्यास धक्क्याने सुरू होते ती मॅन्युअलच. घाटात मात्र नियम दोन्हींना एकच : उतार सुरू होण्याआधी गिअर खाली.